निदान झाले, आता सोबती हवेत

‘स्वमग्नता’ हा शब्द ऐकला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक लहान मूल येते. हाक मारली तरी न पाहणारे, खेळण्यातल्या गाडीची चाके तासन्‌तास फिरवत बसणारे, उशिरा बोलू लागलेले. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. मूल मोठे होते. शाळा संपते, कॉलेज होते, नोकरी लागते, लग्नही होते. मेंदूची मूळ घडण मात्र तीच राहते. ज्यांना बोलता येते, ज्यांची बुद्धी चांगली आहे, ज्यांनी परीक्षा उत्तम गुणांनी पार केल्या, अशांची स्वमग्नता लहानपणी कुणाच्या ध्यानातही येत नाही. घरात आणि नात्यात ते ‘घुमे’, ‘एककल्ली’, ‘तऱ्हेवाईक’, ‘माणूसघाणे’ म्हणून ओळखले जातात. आणि मग पस्तिशीत, चाळिशीत, कधी पन्नाशीनंतर डॉक्टर सांगतात, की तुम्ही स्वमग्न आहात.

इतका उशीर का होतो, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो. लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने बाल्टिमोरमध्ये ११ मुलांचे वर्णन केले ते १९४३ साली. व्हिएन्नामध्ये हान्स ॲस्पर्गर यांनी त्यानंतरच्याच वर्षी अशाच मुलांविषयी लिहिले. पण ते लिखाण जर्मनमध्ये होते आणि इंग्रजी जगात त्याची नीट ओळख झाली ती लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या लेखानंतर. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान १९८० मध्ये मिळाले. भाषा आणि बुद्धी शाबूत असलेल्यांसाठीचे ‘ॲस्पर्गर’ हे निदान तिथे १९९४ मध्ये आले, आणि २०१३ मध्ये हे सारे प्रकार एकाच वर्णपटात सामावले गेले. म्हणजे आज जे पंचेचाळिशीचे आहेत, ते प्राथमिक शाळेत असताना नीट बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलासाठी डॉक्टरांकडे हा शब्दच नव्हता. त्यांचे निदान राहून गेले यात आईवडिलांचा दोष नाही आणि मास्तरांचाही नाही.

बऱ्याचदा हे उशिराचे निदान आडवाटेने होते. चार-पाच वर्षांच्या मुलाची तपासणी चालू असते. मिक्सरचा आवाज सहन होतो का, रोजचा रस्ता बदलला तर रडतो का, एकाच विषयावर बोलत राहतो का, असे प्रश्न विचारले जातात. उत्तरे देता देता वडील किंवा आई थबकते, कारण हे सगळे वर्णन स्वतःच्या बालपणाचेही असते. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्यामुळे हा निव्वळ योगायोग नसतो. दुसरी वाट नैराश्याची किंवा चिंतेची. वर्षानुवर्षे गोळ्या चालू असतात, थोडा आराम पडतो, पण मुळाशी काही वेगळेच आहे हे कुणाला तरी उशिरा सुचते. स्त्रियांच्या बाबतीत तर हे आणखी लांबते. पूर्वी एका मुलीमागे चार मुलगे स्वमग्न असतात असे सांगितले जाई. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर हे प्रमाण एकास तीनच्या जवळ असल्याचे दिसले. बऱ्याच मुली नजरेतून निसटतात, कारण ‘शांत, लाजाळू मुलगी’ कुणाला खटकत नाही.

या निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. सविस्तर बोलणे, प्रत्यक्ष निरीक्षण, बालपणाचा इतिहास, शक्य असेल तर आई, मावशी किंवा मोठ्या भावंडाची भेट, आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तके यांवर ते उभे राहते. लक्षणांची सुरुवात बालपणात असावी लागते. मात्र समाजाच्या अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती उघड होत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे झाकली जातात, हे २०१३ च्या निदानपुस्तिकेतच स्पष्ट म्हटले आहे. सामाजिक भीती, मंत्रचळ, लक्ष न लागण्याचा विकार, मानसिक आघाताचे परिणाम यांची लक्षणे स्वमग्नतेशी मिळतीजुळती असू शकतात, आणि दोन गोष्टी एकाच व्यक्तीत असूही शकतात. म्हणून चार मिनिटांची चित्रफीत पाहून स्वतःवर शिक्का मारू नये. पण तशी शंका आली तर ती हसण्यावारीही नेऊ नये.

निदानानंतरचे दिवस विचित्र असतात. पहिल्यांदा सुटकेचा श्वास. आपण आळशी नव्हतो, उद्धट नव्हतो, वेडे नव्हतो. मग राग आणि हळहळ. हे वीस वर्षांपूर्वी कळले असते तर ती नोकरी सुटली नसती, तो संसार मोडला नसता. आणि हा भर ओसरला की एक साधा प्रश्न उरतो, माझ्यासारखे आणखी कोण आहे?

नेमक्या या प्रश्नाला आपल्या आरोग्यव्यवस्थेकडे उत्तर नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आणि त्याखालची जिल्हास्तरीय लवकर हस्तक्षेप केंद्रे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. वाचा-उपचार, खेळातून शिकवणे, पालकांचे प्रशिक्षण, सगळा रोख मुलांवर. त्यात चूक काही नाही, लहान वयात केलेल्या मदतीचे मोल मोठेच आहे. पण बेचाळिसाव्या वर्षी निदान झालेला माणूस हातात एक कागद आणि चिंतेची एक गोळी घेऊन घरी जातो. त्याला काय झाले आहे हे त्याच्या बायकोला समजावून सांगणारेही कुणी नसते.

या एकटेपणाची किंमत किती असते, याचा अंदाज केंब्रिजमधल्या एका दवाखान्याच्या नोंदींवरून येतो. तिथे २००४ ते २०१३ या काळात प्रौढ वयात ॲस्पर्गरचे निदान झालेल्या ३७४ जणांची माहिती अभ्यासून २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुमारे ६६ टक्के जणांच्या मनात आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचे विचार येऊन गेले होते, आणि ३५ टक्क्यांनी तशी योजना किंवा प्रयत्न केला होता. दवाखान्यापर्यंत आलेल्यांची ही आकडेवारी आहे, सगळ्या स्वमग्न लोकांची नव्हे. तरी ती अंगावर काटा आणते.

यामागचे एक कारण आहे मुखवटा. डोळ्यांत पाहता येत नाही म्हणून समोरच्याच्या भुवयांमध्ये पाहायचे. फोन करण्यापूर्वी वाक्ये पाठ करायची. सगळे हसले की आपणही हसायचे. हळदीकुंकवाच्या गर्दीत, लग्नाच्या डीजेसमोर, ढोल-ताशाच्या दणदणाटात चेहरा हसरा ठेवून उभे राहायचे आणि घरी आल्यावर दोन दिवस अंथरुणाला खिळायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, याला काही झालेले नाही. मुखवटा जितका चांगला, तितकी मदत उशिरा.

आता १९९२ सालची एक भेट पाहू. डोना विल्यम्स ही ऑस्ट्रेलियन लेखिका आपल्या पहिल्या आत्मचरित्राच्या निमित्ताने अमेरिकेत आली होती. स्वमग्नतेचे निदान तिला प्रौढपणीच मिळाले होते. सेंट लुईस शहरात कॅथी लिसनर या स्वमग्न तरुणीच्या घरी ती आणि जिम सिंक्लेअर असे तिघे दोन-तीन दिवस एकत्र राहिले. तोवर स्वमग्नतेच्या परिषदा म्हणजे तज्ज्ञांनी आणि पालकांनी बोलायचे आणि एखाद्या स्वमग्न व्यक्तीने अनुभव सांगून खाली बसायचे, अशी पद्धत होती. या घरात श्रोते नव्हते. कुणी कुणाकडे पाहिले नाही तरी चालत होते, कुणी हात हलवत बसले तर कुणी विचारत नव्हते. त्या दिवसांतूनच ‘ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल’ ही स्वमग्न प्रौढांनी स्वतः चालवलेली संघटना उभी राहिली. पुढच्याच वर्षी टोरांटोच्या परिषदेत सिंक्लेअर यांनी पालकांना उद्देशून सांगितले, की मनात रंगवलेले मूल मिळाले नाही याचे दुःख जरूर करा, पण ते दुःख समोर असलेल्या मुलावर लादू नका. हे भाषण आजही स्वमग्नांच्या चळवळीचा एक मुख्य आधार मानले जाते.

१९९६ पासून या संघटनेने ‘ऑट्रीट’ नावाची निवासी शिबिरे भरवली. तिथले नियम वाचले की स्वमग्न माणसाला काय हवे असते ते कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नीट कळते. अत्तर लावून यायचे नाही, कारण वास असह्य होतो. फ्लॅश मारून फोटो काढायचे नाहीत. कुठल्याही सत्राला बसण्याची सक्ती नाही, मधूनच उठून गेले तरी कुणी नाव ठेवणार नाही. आणि गळ्यातल्या बिल्ल्यात रंगीत कार्ड. लाल दिसले तर त्या व्यक्तीशी आपणहून बोलायचे नाही; पिवळे असेल तर फक्त ओळखीच्यांनी बोलावे. ब्रिटनमध्ये २००५ पासून भरणाऱ्या अशाच मेळाव्यात हिरवे कार्डही असते, बोलायची इच्छा आहे पण सुरुवात जमत नाही, तुम्ही या, असे सांगणारे. रुपया-दोन रुपयांच्या कार्डाने जे काम होते, त्यासाठी एरवी माणसाची आयुष्यभर धडपड चाललेली असते.

हे वाचून कुणी विचारील, स्वमग्न माणसाला माणसे हवीतच कशाला? शब्दच सांगतो की तो स्वतःत मग्न आहे. मराठी शब्दाची हीच अडचण आहे. ग्रीक मुळाशी जुळणारा तो चपखल अनुवाद आहे, पण त्यातून ‘दुसऱ्याची पर्वा नसलेला’ अशी छटा डोकावते. प्रत्यक्षात अनेक स्वमग्न प्रौढांना मैत्री हवी असते, ती कशी करावी आणि कशी टिकवावी हे जमत नाही. शिवाय न जमण्याचा दोष फक्त त्यांचाच असतो का, हाही प्रश्न आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये असे मांडले, की स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन कळत नाही. गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो, फक्त बहुमत एका बाजूला असते.

या मताची परीक्षा एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी एका साध्या खेळातून घेतली. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने ती दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. काही साखळ्यांत सगळे स्वमग्न, काहींत एकही नाही, काहींत आलटून-पालटून. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत सगळे स्वमग्न असलेल्या साखळीने गोष्ट इतरांइतकीच नीट पोहोचवली. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत. पुढे अधिक लोकांना घेऊन हाच प्रयोग केला तेव्हा मिश्र साखळीतली ती जादा गळती दिसली नाही. स्वमग्न लोक आपसांत इतरांइतकेच व्यवस्थित संवाद साधतात, हे मात्र पुन्हा दिसले. विज्ञान असेच दोन पावले पुढे, एक मागे चालते. ‘यांना संवादच जमत नाही’ हे विधान मात्र आता टिकत नाही.

सोबत मिळाल्याने नेमके काय होते? एक, वर्षानुवर्षे ‘माझ्यातच खोट आहे’ असे वाटणाऱ्याला आपलाच अनुभव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतो. डॉक्टरने दहा वेळा समजावण्यापेक्षा त्याचा परिणाम खोल असतो. दोन, कामाच्या युक्त्या मिळतात. लोकलमध्ये कानात काय घालायचे, साहेबांकडे सूचना लेखी कशा मागायच्या, नातेवाइकांकडच्या कार्यक्रमाला किती वेळ थांबून कसे निघायचे. तीन, दोन तास का होईना, मुखवटा उतरवता येतो. आणि चार, एकट्याने मागितलेली सोय ‘नखरा’ ठरते, दहा जणांनी मागितली की ती मागणी होते.

इथे आपल्याकडचा कायदा उपयोगी पडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे, आणि वयाची अट नाही. प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते; कायद्यातल्या बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्व लागते. अस्खलित बोलणाऱ्या, नोकरी टिकवून असलेल्या प्रौढाच्या आतला ताण अशा मोजपट्टीत पुरता उमटेलच असे नाही, त्यामुळे काहींना प्रमाणपत्र मिळते, काहींना नाही. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात रीतसर तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र घ्यायचे की नाही, कार्यालयात सांगायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. त्याआधी त्या वाटेने गेलेल्या कुणाशी बोलणे फार मोलाचे ठरते.

भारतात या विषयातली पहिली पावले पालकांनी टाकली. ब्रिटनमध्येही १९६२ साली पालकांनीच संस्था काढली, त्यांत स्वमग्न मुलीची आई असलेल्या लोर्ना विंग होत्या. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’चे काम सुरू केले. मुंबई-पुण्यातही पालकांचे गट आहेत. स्वमग्न प्रौढांचे स्वतःचे गट मात्र अजून थोडे, आणि मराठीत बोलणारे त्याहून थोडे. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याने वाट पाहत बसू नये. गटाला पन्नास माणसे लागत नाहीत, तीन पुरतात.

असा कट्टा सुरू करायचा तर काही गोष्टी सांभाळाव्यात. जागा शांत हवी. हॉटेलपेक्षा वाचनालयाची खोली बरी. वेळ ठरलेली, सुरुवातीची आणि संपण्याचीही. काय बोलायचे ते आदल्या दिवशी लेखी कळवावे. प्रत्येकाने ओळख करून दिलीच पाहिजे असा आग्रह नको. ज्याला बोलायचे नाही त्याने लिहावे, किंवा नुसते बसावे. कुणी काय सांगितले ते बाहेर जाऊ नये. आणि दर वेळी स्वमग्नतेवरच बोलले पाहिजे असेही नाही. किल्ले, रेल्वेगाड्या, जुनी नाणी, बुद्धिबळ, पक्षी, हिंदुस्थानी राग, ज्याचा जो विषय तो. अनेक स्वमग्नांची मैत्री समोरासमोर बसून गप्पा मारत होत नाही. शेजारी बसून एकाच गोष्टीकडे पाहताना होते. आपल्याकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या किंवा दुर्गप्रेमींच्या गटांत असे किती तरी लोक निदानाशिवायच आपली जागा शोधून बसलेले असतील.

गटाच्या मर्यादाही ओळखाव्यात. गट म्हणजे उपचार नव्हे. नैराश्य, झोप उडणे, पॅनिकचे झटके यांना मानसोपचार लागतातच. एकाला ट्यूबलाइटचा प्रकाश सोसत नाही, दुसऱ्याला अंधार. गरजा परस्परांच्या आड येतात आणि भांडणेही होतात. एक मोठा वादही इथे आहे. ज्यांचे वीस वर्षांचे मूल बोलत नाही, स्वतःला इजा करून घेते, त्या आईवडिलांना ‘स्वमग्नता हा आजार नाही, वेगळेपण आहे’ हे वाक्य जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटते. त्यांचे दुःख खरे आहे. स्वतःविषयी बोलू शकणाऱ्या प्रौढांनी न बोलणाऱ्यांच्या वतीने सगळे बोलून टाकू नये, आणि पालकांनीही बोलणाऱ्यांना ‘तू कसला स्वमग्न’ म्हणून उडवून लावू नये. वर्णपट म्हणजे दोघांनाही जागा असलेला पट्टा.

आपल्यासारख्यांचा गट मिळाला म्हणून घर, शेजार आणि गाव यांची जबाबदारी संपत नाही. कॅनर यांच्या त्या ११ मुलांतला पहिला, डोनाल्ड ट्रिप्लेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावात वाढला. तो पदवीधर झाला, गावातल्या बँकेत त्याने नोकरी केली, गाडी चालवली, रोज गोल्फ खेळला, देशोदेशी एकट्याने प्रवास केला, आणि २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी गेला. घरची सुबत्ता होती, बँकेत कुटुंबाची मालकी होती, हे सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण त्या गावाने त्याच्या सवयी फार बाऊ न करता स्वीकारल्या होत्या. त्याच्याविषयी लिहायला आलेल्या पत्रकारांना गावकरी आधी बजावत, की आमच्या डॉनला त्रास झाला तर आमच्याशी गाठ आहे.

घरच्यांनी करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. निदान ऐकल्यावर ‘असे सगळ्यांचेच असते’ म्हणू नये. समारंभातून लवकर निघाल्यास कारणे विचारू नयेत. ‘जरा बघ ना’ असे मोघम सांगण्याऐवजी काय, कुठे, किती वाजता ते स्पष्ट सांगावे. गटाच्या भेटीला जायचे असेल तर सोडायला जावे आणि बाहेर थांबावे. आणि बोलण्यात जगण्याचा कंटाळा, निरोपाची भाषा आली तर वाट न पाहता जवळच्या डॉक्टरांना गाठावे; ‘टेलिमानस’ची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य उपलब्ध आहे.

ज्या डॉक्टरांकडे असे निदान होते, त्यांनाही एक गोष्ट करता येईल. औषधाच्या चिठ्ठीबरोबर, संमती असेल तर, आधी निदान झालेल्या एखाद्या रुग्णाची गाठ घालून द्यावी. त्याला खर्च नाही, यंत्र नाही, परवानगीचा कागदही लागत नाही. दोघांचीही हो असली म्हणजे झाले.